जपानवर कर्ज जास्त, मग ओरड महाराष्ट्राचीच का?

कोल्हापूर : ‘जपान, अमेरिकेवर एवढं कर्ज, तरी ते श्रीमंत, मग आपल्याच राज्याची ओरड कशाला?’ अर्थसंकल्प झाला की चहाच्या गाड्यावर हा मुद्दा हमखास निघतो. आकडे खरे असतात, ताळा चुकतो.

समजा, राजारामपुरीत एकाच गल्लीत दोन दुकानं आहेत. एकावर २० लाखांचं कर्ज, पण गाळा स्वतःचा. दुसऱ्यावर ५ लाखच, पण गाळा भाड्याचा आणि गिऱ्हाईक कमी. नुसत्या कर्जावरून अडचणीत कोण, ते कळत नाही. देशांचंही तसंच.

कर्ज उत्पन्नाशी लावा
२०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार महाराष्ट्राचं कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी, म्हणजे राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत. जपानचं देशाच्या उत्पन्नाच्या २०० टक्क्यांहून जास्त, अमेरिकेचं १०० च्या वर, जर्मनीचं ६० च्या आसपास.

कुठलं सरकार?
घरफाळा महापालिकेला जातो, जीएसटी केंद्र आणि राज्यात वाटला जातो. जपानच्या आकड्यात तिथली सगळी सरकारं धरलेली असतात, महाराष्ट्राच्या आकड्यात फक्त राज्य. जपानशेजारी मांडायचा तो भारताचा केंद्र-राज्य मिळून आकडा. तो ८० टक्क्यांच्या घरात आहे.

देणं कुणाचं?
जपानचं कर्ज स्वतःच्या चलनात, बहुतांश देशातल्याच बँका आणि संस्थांचं. शिवाय सरकारकडं मोठी मालमत्ता आहे. ती वजा केली की बोजा बराच उतरतो. राज्य सरकारला नोटा छापता येत नाहीत.

झाकलेलं कर्ज
ग्रीसनं तूट कमी दाखवली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये नव्या सरकारनं ती १२ टक्क्यांच्या वर असल्याचं सांगितलं. अंतिम आकडा १५ च्याही पुढं गेला. २०१० मध्ये मदत मागावी लागली आणि पेन्शनी कापल्या गेल्या. आपल्याकडंही महामंडळांच्या नावावर घेतलेलं, पण राज्याच्या तिजोरीतून फिटणारं कर्ज २०२२ पासून केंद्र राज्याच्या मर्यादेत धरतं.

खरा प्रश्न
त्याच अर्थसंकल्पात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट आहे. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, योजना असा चालू खर्चही जमेत भागत नाही. तेवढं उसनं घ्यावं लागतं. विहिरीसाठी काढलेलं कर्ज पाणी देतं, किराण्यासाठी काढलेलं नुसतं व्याज मागतं. म्हणून कर्ज किती, याच्या जोडीला ते गेलं कुठं, हे विचारायला हवं.