आधाराचा स्वर

वाद्यवृंद ऐकतांना आपलें लक्ष ज्याच्याकडे सर्वांत शेवटीं जातें असें एक वाद्य आहे. माणसाहून थोडें उंच, व्हायोलिनच्या कुळांतलें, चार जाड तारांचें हें वाद्य म्हणजे डबल बेस. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं निर्माण केलेल्या जॅझ संगीतांत तें बहुधा गजानें न वाजवितां बोटांनीं छेडतात. आपल्याकडे तंबोरा सूर धरतो व तबला ताल राखतो. जॅझमध्यें या दोन्ही कामांचा बराच भार बेसवर असतो. मात्रेमात्रेस एकेक स्वर देत तो चालतो, आणि त्या चालीवरून इतर वादकांस आपण कोठें आहों तें कळतें. तो चुकला तर कांहीं तरी बिघडलें एवढेंच श्रोत्यांस जाणवतें. काय बिघडलें तें सांगतां येत नाहीं.

असलें अनाम काम मिल्ट हिंटन यांनीं साठांहून अधिक वर्षें केलें. त्यांचा जन्म १९१० सालीं मिसिसिपी राज्यांत व्हिक्सबर्ग येथें झाला. त्यांच्या आजीनें गुलामगिरी स्वतः भोगली होती. मिल्टन लहान असतांनाच कुटुंब शिकागोस आलें, आणि तेराव्या वर्षीं आईनें त्याच्या हातीं व्हायोलिन दिलें. मुलगा मन लावून शिकला. पण गोऱ्यांच्या सिंफनी वाद्यवृंदांचीं दारें त्याला बंद होतीं. मूकपटांच्या थिएटरांत साथ करणें, एवढाच पोटाचा मार्ग होता. १९२७ नंतर बोलपट आले आणि तोही खुंटला. विद्या हातांत, पण तिला गिऱ्हाईक नाहीं, अशी स्थिति! हायस्कुलाच्या बँडांत ट्यूबा वाजवून खालच्या स्वरांची ओळख झाली होती. आतां त्यानें बेस उचलला. व्हायोलिननें तयार केलेला कान मात्र वायां गेला नाहीं, हें मला यांत विशेष वाटतें.

१९३६ पासून १९५१ पर्यंत हिंटन कॅब कॅलोवे यांच्या विख्यात बँडांत होते. तार ओढून सोडली म्हणजे ती लांकडी पट्टीवर आपटून तडाखा उठतो. ही जुनी रीत त्यांच्या हातीं विलक्षण खुलली. १९३९ सालचें ‘प्लकिन द बेस’ हें ध्वनिमुद्रण तिचा उत्तम नमुना होय. दक्षिणेंत हॉटेलें या मंडळींस जागा देत नसत, म्हणून कॅलोवे रेल्वेचा स्वतंत्र डबा घेत. हिंटन यांच्याजवळ नेहमीं कॅमेरा असे. वर्णभेदाच्या पाट्यांखालीं उभ्या असलेल्या सोबत्यांचीं त्यांनीं टिपलेलीं छायाचित्रें आज इतिहासाचीं साधनें ठरलीं आहेत.

१९३९ सालीं या बँडांत डिझी गिलेस्पी हा तरुण ट्रंपेटवादक आला. वयानें तो सात वर्षांनीं धाकटा, पण डोक्यांत नव्या स्वरसंगति घोळत असलेला. मध्यंतरांत दोघे कॉटन क्लबच्या गच्चीवर जात, आणि धाकटा थोरल्यास शिकवी. बेससारखें धूड जिन्यानें वर नेणें ही कांहीं सोपी गोष्ट नव्हे!

पुढें काम सुटलें. न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्या वेळीं कृष्णवर्णीय वादकास क्वचितच प्रवेश मिळे. हास्यनट जॅकी ग्लीसन यांची सहज रस्त्यांत गांठ पडली, आणि त्यांनीं आग्रह धरून हिंटन यांना आपल्या ध्वनिमुद्रणास बोलाविलें. दार दुसऱ्यानें उघडलें खरें. तें उघडें राहिलें तें मात्र हिंटन यांच्या तयारीमुळें. ते वेळेवर येत, समोरचें स्वरलेखन पाहतांच वाचीत, आणि गज हवा असेल तेथें गजही चालवीत. बिली हॉलिडेपासून अरेथा फ्रँक्लिनपर्यंत कितीएक गायिकांच्या स्वराखालीं त्यांचा बेस आहे.

उतारवयांत त्यांनीं हंटर व बरूक या न्यूयॉर्कच्या कॉलेजांत जॅझ शिकविलें. बेस म्हणजे तळ, म्हणजे आधार. दुसऱ्याचें वादन चांगलें वठावें हें त्याचें पहिलें काम, असें ते शिष्यांस सांगत. १९८० सालीं त्यांना सत्तर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां मित्रांनीं तरुण बेसवादकांसाठीं शिष्यवृत्तीचा निधि उभारला. २००० च्या डिसेंबरांत, नव्वदाव्या वर्षीं, ते वारले. त्यांचे कांहीं बेस पुढें ओहायोंतील ओबर्लिन कॉलेजाकडे गेले, आणि तेथें त्यांच्या नांवानें बेसवादनाचा उन्हाळी वर्ग सुरू झाला.