पांढऱ्या स्वयंपाकघरातली ऊब

राजोडीसारख्या वसईच्या किनाऱ्यावरच्या गावात आता जे नवं घर उठतं, त्याचं स्वयंपाकघर बहुधा एकाच साच्याचं असतं. भिंतीला पांढऱ्या फरशा, ओट्याला काळा-करडा दगड, वर स्टीलची मांडणी आणि छताजवळ ट्यूबलाइट. ते स्वच्छ राहतं, धुवायला सोपं पडतं, खाऱ्या वाऱ्यालाही टिकतं. पण घरची जुनी माणसं त्यात रमत नाहीत. ‘दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं’ म्हणतात. मग कोणी एका भिंतीला गुलाबी रंग देऊन पाहतो, कोणी प्लॅस्टिकची फुलं टांगतो. फुलांवर थोड्याच दिवसांत तेलकट धूळ बसते, आणि खोली होती तशीच राहते.

कारण दोष भिंतीच्या पांढरेपणाचा नाहीच. जरा आठवून पाहा, जुन्या घरातही चुन्याची पांढरी भिंत असेच. तरी ते स्वयंपाकघर थंड, परकं वाटत नसे. भिंत पांढरी, पण खाली शेणानं सारवलेली जमीन, चुलीतला तांबडा-पिवळा जाळ, फळीवर पितळेची भांडी, कोपऱ्यात माठ, सूप, टोपल्या. पांढरी भिंत समोर जे असेल त्याची झाक घेते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. घासलेली पितळी परात उन्हात पांढऱ्या कागदासमोर धरा, कागदावर पिवळसर उजेड उतरेल. तिथंच स्टीलचं ताट धरा, उजेड पांढराच राहील. घर बदलताना आपण जमीन, जाळ, पितळ, माती, बांबू हे सारं एकदम बाहेर काढलं, आणि बोल लावला तो बिचाऱ्या भिंतीला!

तेव्हा भिंत तूर्त राहू द्या, आधी दिव्याकडे पाहा. एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅटशिवाय आणखी एक आकडा असतो, त्यापुढं ‘के’ म्हणजे केल्विन असं लिहिलेलं असतं. दुकानात तो आकडा कोणी विचारत नाही, पण आपलं काम त्याच्याशीच आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना तुम्ही पाहिलं असेल. आधी ते लाल होतं, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं. उजेडाचा रंग मोजायची रीत याच धर्तीवर आहे. म्हणून आकडा जितका लहान, तितका उजेड पिवळा. तेलाच्या दिव्याची ज्योत सुमारे २००० केल्विनची, पिवळसर बल्ब २७०० चा, आणि आपण सर्रास आणतो तो पांढराशुभ्र दिवा ६५०० चा. चुलीच्या जाळाची ओळख असलेल्या डोळ्यांना तो परका वाटला तर नवल काय?

पण सगळेच दिवे पिवळे करू नका. ओट्यावर पांढरा, लख्ख दिवा हवाच. तांदळातला खडा, माशाचा काटा, भाजीतली अळी नीट दिसली पाहिजे. जिथं माणसं जेवायला बसतात तिथं मात्र २७०० चा एक बल्ब, थोडा खाली घेऊन लावा. जेवायच्या वेळी तो लावला की त्याच पांढऱ्या फरशांवर पिवळी झाक चढते. खर्च एका बल्बाचा आणि थोड्या वायरीचा.

नंतर वस्तू. नवं काही विकत आणायला नको, पोटमाळ्यावर गेलेलं खाली उतरवा. पितळेचा डबा, तांब्याची कळशी, लाकडी पाट, बांबूची टोपली. एका लाकडी फळीवर चार भांडी पुरेत, बाजार मांडू नये. समुद्राच्या हवेनं पितळ लवकर काळवंडतं, पण चिंचेच्या आंबटानं त्यावरचा थर सुटतो, हे घरोघर ठाऊक आहे. त्या भांड्यांत आंबट शिजवायचं असेल तर मात्र आतून कल्हई हवी. कांद्याची टोपली, खिडकीत पुदिन्याचं डबडं, आणि वाडीत केळी असतील तर पिकायला टांगलेला लोंगर. पिकत आलेल्या केळ्यांचा पिवळा रंग कोणत्या रंगवाल्याच्या डब्यात मिळेल?

ज्यांच्या भिंतीला अजून चुना आहे त्यांना आणखी एक सोय. दिवाळीला असो की नाताळाला, चुना काढताना त्यात थोडी पिवडी मिसळा, भिंत सायीच्या रंगाची होते. हळद मिसळू नका. चुन्यानं हळद लाल होते, त्यावरच तर हळदीचं कुंकू बनतं, आणि उन्हात तो रंग उडूनही जातो. पिवडी आणि गेरू या लोहयुक्त माती, त्या चुन्यात टिकतात. भिंतीच्या तळाशी वीतभर गेरूचा पट्टा ओढला तर सारवलेल्या जमिनीची थोडी आठवण राहते.

गेरूवर तांदळाच्या पिठानं काढलेली वारली चित्रं आपल्याच पालघर जिल्ह्यातली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. गेरू लावलेल्या फळीवर लावणी, मासेमारी, झाडं जरूर काढा. लग्नचौक मात्र काढू नये असं मला वाटतं. तो सुवासिनींनी लग्नात काढायचा, देवाचा चौक आहे. मसाल्याच्या डब्यांवर शोभेला लावायची ती गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, एवढी जुन्याची ओढ, तर चूलच पुन्हा मांडू. नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या अशा धुरानं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. धूर सर्वांत जास्त गिळतात त्या रांधणाऱ्या बाया आणि त्यांच्याजवळ खेळणारी पोरं. गॅस आला हे फार चांगलं झालं.

पण चुलीबरोबर एक गोष्ट गेली, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. चुलीपुढं बाई बसून रांधी, तिच्या आजूबाजूला बाकीचे टेकत. शेजारीण उंबऱ्यावर बसे, पोरगं मांडीशी पाढे म्हणे. ओटा आला, बाई उभी राहिली, तिचं तोंड भिंतीकडे वळलं आणि पाठ घराकडे झाली. दिवसाचे कितीतरी तास ती अशी एकटी उभी असते. मग खोली थंड वाटते ती तिला आधी वाटते. म्हणून दिवा बदलण्याआधीही एक काम करा. ओट्याच्या टोकाला, शेगडीपासून दोन हात लांब, एक लाकडी स्टूल ठेवा. तोंड असं असावं की बसणाऱ्याला रांधणारीचा चेहरा दिसेल, आणि लसूण सोलायला ताटली हाताशी राहील. त्यावर डबे मात्र चढू देऊ नका.