बंदुकीच्या जोडीला कॅमेरा

मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्या इंटरनेटवर केवळ दहशत पसरवतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. त्यांना धाक हवा असतो, तशीच मान्यताही. सप्टेंबर २०११ मध्ये नुएवो लारेदो शहरात पुलाला दोन मृतदेह टांगलेले आढळले; सोबतच्या मजकुरात टोळ्यांविरुद्ध इंटरनेटवर लिहिणाऱ्यांना धमकी होती. जुलै २०२० मध्ये हालिस्को टोळीची चित्रफीत फिरली: चिलखती गाड्यांची रांग, लष्करी पेहरावातले बंदूकधारी आणि म्होरक्याचा जयघोष. त्याच वर्षी कोरोनाकाळात टोळ्यांच्या नावाने शिधा वाटतानाची दृश्येही पसरली. मारणारेही आम्हीच आणि तारणारेही आम्हीच, हा त्यामागचा संदेश.

यावर कोणी म्हणेल, ही तर पोरांची फुशारकी. टिकटॉकवरच्या सोनेरी बंदुका आणि आलिशान गाड्या अनेकदा हौशी चाहत्यांनीच टाकलेल्या असतात, हे खरे. पण त्यामुळे टोळीची जाहिरात फुकटात होते आणि बेकार तरुणाला ती नोकरीची संधी वाटू लागते. मग सगळेच हटवावे का? हटवलेली चित्रफीत दुसऱ्या खात्यावरून परतते, शिवाय तपासाला उपयोगी पुरावाही हरवतो. मुळात पत्रकारांच्या हत्या आणि धमक्यांनी स्थानिक वृत्तपत्रे गप्प झाली, तिथेच टोळ्यांच्या आवाजाला मोकळे रान मिळाले. म्हणून चित्रफिती पुसण्याइतकेच बातमीदाराला संरक्षण देणेही गरजेचे आहे.