धरणाच्या पायथ्याशीं कोण राहतें?

धरणाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला कीं तें किती मोठें आणि किती मजबूत, हाच प्रश्न आपल्या मनांत प्रथम येतो. परंतु धरणाची धोक्याची श्रेणी ठरविणारे तज्ज्ञ आधीं निराळेंच विचारतात: हें धरण फुटलें तर खालीं कोणाची हानि होईल? केंद्रीय जल आयोगानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेलीं मार्गदर्शक तत्त्वें याच पायावर उभीं आहेत. म्हणून वरची श्रेणी मिळाली म्हणजे धरण कच्चें, असा अर्थ नव्हे. आणि खालची मिळाली म्हणजे तें पक्कें, असाहि नव्हे.

याचें उत्तम उदाहरण आपल्या ठाणें जिल्ह्यांतच आहे. अंबरनाथजवळ काकोळें येथें जी. आय. पी. रेल्वे कंपनीनें वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावें म्हणून धरण बांधलें. कंपनी खाजगी होती. १९२५ सालीं तिचा कारभार सरकारनें हातीं घेतला. खालून वालधुनी नदी अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण अशी वाहत जाते. दुसऱ्या महायुद्धांत या भागांत लष्करी छावणी पडली, फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित वसले, आणि १९४९ सालीं वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. या धरणांत दोष आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. इतकेंच कीं, धरण जागचें हललें नाहीं, तरी त्याची जबाबदारी वाढली. कारण नदीकांठीं शहर आलें.

हाच न्याय घरच्या जमिनींतील मातीच्या बांधालाहि लागू आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांना लागतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लांबी, साठा इत्यादि कांहीं अटींवर लागतो. त्याहून लहान बांध या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. पण पाण्याला कायद्याचें कलम वाचतां येत नाहीं.

अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत धनिकांच्या एका क्लबाच्या मालकीचें मातीचें धरण होतें. माशांनीं निसटूं नये म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविल्या होत्या. रस्ता रुंद करण्यासाठीं माथाहि खालीं केला होता. ३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टींत पाणी माथ्यावरून वाहिलें, धरण फुटलें आणि खालच्या जॉन्सटाउन शहरांत २,२०९ माणसें दगावलीं. मालकांची मौज वर होती, मरणारे खालीं होते.

आपल्याकडेहि २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरण फुटून खालची वाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गांवकऱ्यांनीं आधींच केल्या होत्या. मागाहून दोष खेकड्यांवर ढकलण्यांत आला! खेकड्यांचीं बिळें मातीच्या बांधाला घातक असतात, हें खरें. परंतु तीं शोधणें हें माणसाचेंच काम नव्हे काय?

तेव्हां ज्या कुटुंबाच्या जमिनींत असा बांध असेल, त्यानें पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तो पायीं फिरून पाहावा. सांडवा मोकळा ठेवावा, कारण मातीच्या बांधावरून पाणी वाहूं लागलें कीं माती धुपून तो ढासळतो. बांधावर झाडें वाढूं देऊं नयेत. मुळें कुजलीं कीं पाण्याला वाट मिळते. खालच्या अंगास ओल आढळली तर लक्ष ठेवावें. पाझर गढूळ येऊं लागला तर आंतील माती वाहत आहे असें समजून तत्काळ जाणत्या अभियंत्यास बोलवावें व खालच्या वस्तीला सावध करावें.

बांध सामाईक असला कीं तो पाहणें हें कोणाचेंच काम राहत नाहीं, हा एकत्र कुटुंबांतील नेहमींचा अनुभव आहे. यासाठीं वाटण्या होवोत वा न होवोत, घरांतील एका कर्त्या माणसाकडे हें काम नांव घेऊन सोंपवावें. आणि दरवर्षीं त्यानें बांधाबरोबर खालच्या अंगाचीं घरेंहि मोजावींत. गेल्या वर्षीं जेथें भातखाचर होतें, तेथें यंदां कोणाचा पाळणा हालत असेल.