‘फाइल नाही ओ!’ – कॅश बंद करावी का?

समजा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑफिसमधून शाफ्टचा नवा सीएनसी प्रोग्रॅम सर्व्हरवर टाकला. खाली मशिनजवळचा ऑपरेटर मात्र म्हणतोय, ‘फाइल नाही ओ!’ दोघंही खरं बोलतायत. ऑपरेटरनं क्षणभर आधीच फाइल शोधली होती, आणि त्याच्या संगणकातलं विंडोज ‘नाही’ हे उत्तरसुद्धा ५ सेकंद कॅशमध्ये, म्हणजे स्वतःजवळ, जपून ठेवतं. फोल्डरची यादी आणि फाइलची माहिती १० सेकंद. या तिन्ही मुदती शून्य करता येतात.

लिनक्सवर नेटवर्कवरून फाइल्स पुरवणाऱ्या एनएफएसचा हिशेब वेगळा. तिथं फाइलचा आकार, वेळ वगैरे माहिती ३ ते ६० सेकंद, फोल्डरची ३० ते ६० सेकंद जपली जाते. माउंट करताना ‘नोॲक’ पर्याय दिला की हे जपणं थांबतं. पण फाइलमधला मजकूर मेमरीत राहतोच. तोही नको असेल तर प्रोग्रॅमनं ‘डायरेक्ट आयओ’ वापरावं लागतं. शिवाय ‘नोॲक’मध्ये प्रत्येक लिखाण सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबावं लागतं. सर्व्हरकडचे हेलपाटे वाढून सगळं मंदावतं ते वेगळंच.

फॉक्सप्रोत हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांची अडचण निराळी. तिथं एकाच डीबीएफ फाइलवर चारजण काम करतात, आणि ‘ऑपलॉक’मुळे (फाइल आपल्याकडे जपण्याची सर्व्हरनं संगणकाला दिलेली मुभा) एखाद्याच्या नोंदी त्याच्याच संगणकात अडकू शकतात. सर्व्हरवर सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाइल्स पुरवणारा प्रोग्रॅम) असेल तर ‘व्हेटो ऑपलॉक फाइल्स’मध्ये फक्त डीबीएफ आणि तिच्या इंडेक्स फाइल्स घालाव्यात. मग ऑपलॉक तेवढ्यांपुरतेच बंद होतात. सरसकट बंदी कशाला?