करवतकाठी साडीचे दात नेमके कसे विणतात? पुठ्ठ्याच्या मागावर करून पाहा!

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव, मोहाडीकडची टसर साडी ओळखायची खूण म्हणजे तिचा काठ. टसरचा मूळचा फिकट मधाळ रंग आणि त्यात काठाकडून शिरलेले टोकदार दात. दिसायला थेट करवतीचे पाते, म्हणून नाव करवतकाठी. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या वस्त्रांमध्ये तिचा समावेश आहे.

हे दात छापलेले नसतात, वरून भरलेलेही नसतात. ते कापड विणतानाच तयार होतात. त्यामागची युक्ती पैठणीच्या पदरावरच्या मोरात आणि युरोपातल्या भिंतीवर टांगायच्या टॅपेस्ट्रीतही सापडते. ही युक्ती घरी, एका पुठ्ठ्यावर, दुपारभरात समजून घेता येते.

एका ओळीला तीन धोटे

कापडात उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्यांना बाणा. साध्या कापडात आडवा धागा घेऊन धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. टॅपेस्ट्रीत तसे होत नाही. तिथे प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथूनच मागे फिरतो.

करवतकाठीत अशा तीन हद्दी असतात: डावा काठ, मधले अंग आणि उजवा काठ. म्हणून धोटेही तीन. डाव्या काठाचा रंगीत धागा उजवीकडे निघतो, त्याच वेळी अंगाचा टसर धागा डावीकडे येतो. हद्दीवर दोघे भेटतात, एकमेकांत अडकतात आणि पुढच्या ओळीत आपापल्या दिशेने परततात. उजव्या काठाला हीच भेट एक ओळ उशिरा होते. काठाचा धागा दर थोड्या ओळींनी अंगात थोडा जास्त आत शिरला की दात वाढतो, मागे सरकला की संपतो.

दातांच्या भागात उभा धागा टसरचा आणि आडवा काठाचा असतो. त्यामुळे दाताचा रंग सलग काठापेक्षा किंचित मवाळ दिसतो. दुकानात ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, पण खरी मौज तिथेच आहे.

साध्या यंत्रमागाची अडचणही इथेच होते. त्याचा धोटा एका फेकीत पूर्ण पन्हा पार करतो. मध्येच थांबून दुसऱ्या धाग्याला अडकवून परत येणे त्याच्या रचनेत नाही. हातमागावर ते जमते, पण एका ओळीला एकाऐवजी तीन फेका लागतात. पूर्व विदर्भातल्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेले कोष, त्यांचा सारखा न निघणारा धागा आणि वर ही तिप्पट मेहनत, असा हिशेब मांडला तर मागावर बसायला नवी मुले का तयार होत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

पुठ्ठा, लोकर आणि बोथट सुई

साधारण २० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच जाड पुठ्ठा घ्या. वर-खाली दर अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा आणि मजबूत सुती दोरा त्यांतून ताणून गुंडाळा. पुढच्या बाजूला सुमारे ४० उभे धागे मिळतील. दोरा ताणणारा नको, नाहीतर विणकाम सैल पडते. आडव्यासाठी दोन रंगांची लोकर, मोठ्या डोळ्याची बोथट सुई आणि ओळ खाली दाबायला जुना कंगवा, एवढ्यावर काम भागते.

आधी खाली साध्या विणीच्या चार-पाच ओळी घ्या. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो: धागा सरळ ओढला की दोन्ही कडा आत येतात आणि चौकोनाचा डमरू होतो. उपाय सोपा आहे. आडवा धागा कमानीसारखा सैल ठेवायचा आणि मगच कंगव्याने दाबायचा.

आता दात. डावीकडचे १० धागे लाल लोकरीचे, उरलेले ३० पांढऱ्याचे. लाल डावीकडून, पांढरी उजवीकडून, म्हणजे समोरासमोरच आणायची. दोन्ही एकाच दिशेने नेल्या तर हद्दीवर वर-खालीचा क्रम चुकतो. पुढे दर दोन ओळींनी लाल लोकर एक-एक धागा आत सरकवा, आठ धागे झाले की तशीच मागे घ्या. एक दात तयार!

मग एक दात लोकरी एकमेकींत अडकवून करा, दुसरा न अडकवता. तिरक्या कडेला फारसा फरक दिसणार नाही, कारण हद्द सरकत राहते आणि फट आपोआप मिटते. पण हद्द सलग १० ओळी एकाच जागी ठेवून पाहा, कापडात उभी चीर पडेल. तुर्कस्तानच्या किलीम सतरंज्यांत ही चीर नक्षी म्हणून मुद्दाम ठेवतात. तिसरा मार्गही आहे: दोन्ही रंग हद्दीवरच्या एकाच उभ्या धाग्याला आळीपाळीने वळसा घालतात. त्याने चीर जाते, पण कडा दातेरी आणि जरा जाड होते.

आधी चित्र काढायचे का? इजिप्तमध्ये गिझाजवळच्या हर्रानिया गावात वास्तुविशारद रामसेस विसा वासेफ यांनी १९५० च्या दशकात गावातल्या मुलांना माग दिले. अट एवढीच की आधी कागदावर चित्र काढायचे नाही आणि कुणाची नक्कल करायची नाही. झाडे, पक्षी, नदी थेट मागावर उतरली आणि ते काम जगभर पोहोचले. तेव्हा पहिला दात जमला की मोजणी सोडून द्यायला हरकत नाही. लोकरीऐवजी जुन्या ओढणीच्या पट्ट्या चालतात, दोन रंग एकत्र पिळून घेता येतात, काही उभे धागे मोकळेही सोडता येतात.

खरेदीला जाल तेव्हा

पुठ्ठ्यावर एक दात विणला की साडी पाहायची नजर बदलते. दुकानदाराला काठ उलटून दाखवायला सांगा. हाताने जोडलेल्या काठाचे दात मागूनही पुढच्यासारखेच स्वच्छ असतात. मागे लांब सुटे किंवा कापलेले धागे दिसले, तर नक्षी वेगळ्या धाग्याने उठवलेली आहे. मागचा रंग फिका असेल, तर छापलेली. शंका राहिलीच तर मोबाइलचा कॅमेरा दाताजवळ नेऊन मोठा करून पाहा: उभा धागा टसरच्या रंगाचा आणि आडवा काठाचा दिसायला हवा. किमतीची घासाघीस त्यानंतर.