गुडघ्याचा पुरावा

फेएटव्हिल, नॉर्थ कॅरोलायना

या शहराला लागूनच फोर्ट ब्रॅग आहे आणि ब्रॅगमध्ये ८२वी एअरबोर्न डिव्हिजन, म्हणजे विमानातून उड्या टाकणारे सैनिक. पाठीवर पॅराशूट, पुढे सामानाची जड बॅग. जमिनीवर उतरताना हा सगळा भार घोटे, गुडघे आणि कंबर झेलतात. विशीत ते निभावतं. पन्नाशीत जिना चढताना गुडघा धरतो आणि एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसते, तेव्हा वर्दी उतरवून बरीच वर्षं झालेली असतात. अशा माजी सैनिकाला डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्सकडे, इथल्या बोलण्यात 'व्हीए'कडे, दरमहा करमुक्त भरपाई मागता येते.

त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज आजार आहे, सेवेत काही इजा किंवा ताण झाला होता, आणि पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध आहे. या संबंधासाठी बहुतेक वेळा डॉक्टरचं मत लागतं. कायदा इथे सैनिकाच्या बाजूला झुकलेला आहे. संबंध असण्याची शक्यता निम्मी भरली तरी पुरे. दोन्ही बाजूंचा पुरावा सारख्याच वजनाचा असेल तर निकाल सैनिकाच्या बाजूने द्यायचा. सरकारविरुद्ध सामान्य माणसाला इतकी सवलत क्वचितच मिळते, आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते.

पण तागडीत टाकायचा असतो तो कागद. घोटा मुरगळलेला विशीतला पोरगा दवाखान्यात जायला कचरतो. आपल्याला उड्यांवरून काढतील, सोबती मागे पडला म्हणतील, ही धास्ती असते. दुखण्याची गोळी घेऊन तो दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतो. सेवा संपताना फॉर्मवर 'त्रास नाही' असं लिहून घरी जातो. हीच गप्प राहण्याची शिस्त वीस वर्षांनी त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून वाचली जाते. सोबत्यांचे आणि बायकोचे लेखी जबाब चालतात, ते विचारात घ्यावेच लागतात. तरी वैद्यकीय नोंदीइतकं त्यांचं वजन पडणं अवघडच.

संधिवातासाठी कायद्यात एक वेगळी वाटही आहे. सेवा सुटल्यापासून एका वर्षात तो किमान १० टक्के अपंगत्वाइतका प्रकट झाला, तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरतात. ऐकायला बरं वाटतं. पण मार लागलेला सांधा झिजायला दहा-पंधरा वर्षंही लागतात. ज्याला या नियमाची सर्वांत जास्त गरज, तोच त्यातून निसटतो, आणि हा मला या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

जुन्या पिढीची अडचण आणखी वेगळी. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांपैकी जवळपास ८० टक्क्यांच्या नोंदी त्यात गेल्या.

संबंध मान्य झाला की प्रश्न येतो टक्क्यांचा. तपासणीत कोनमापकाने गुडघा किती दुमडतो ते मोजतात. निरोगी गुडघा १४० अंश दुमडतो. ४५ अंशांवर अडला तर १० टक्के, ३० वर २०, १५ वर ३०. झीज एक्स-रेत दिसत असेल आणि हालचाल दुखत असेल, तर ४५ च्या पुढे दुमडणाऱ्या गुडघ्यालाही सहसा १० टक्के मिळतात. २०२५ च्या दराने १० टक्क्यांना महिना सुमारे १७५ डॉलर, १०० टक्क्यांना ३,८०० हून अधिक. बेरीज सरळ होत नाही: ५० आणि ३० मिळून ८० नव्हे, ६५ होतात, आणि ते ७० धरतात.

संधिवाताचं दुखणं मात्र दिवसागणिक बदलतं. तपासणीच्या सकाळी गुडघा बरा असला तर आकडा खाली येतो. यावर न्यायालयांनी व्हीएला वारंवार वळण लावलं आहे. १९९५ च्या डेलुका निकालाने वेदना आणि थकव्यामुळे घटणारी क्षमता धरायला लावली. २०१७ च्या शार्प निकालाने दुखणं उसळतं त्या दिवसांबद्दल रुग्णाला विचारून अंदाज द्यायला सांगितलं. २०१८ मध्ये सॉन्डर्स खटल्यात, गुडघेदुखीचं निदान हाती नसलं तरी कामात अडथळा आणणारी वेदना हेच अपंगत्व ठरू शकतं, असं फेडरल सर्किट न्यायालयाने मान्य केलं. त्याआधी कितीतरी अर्ज 'नुसतं दुखतं' म्हणून परत गेले होते.

अर्ज नाकारला तर फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा आहेत: नवा पुरावा देऊन पुरवणी अर्ज, त्याच कागदांवर वरिष्ठ अधिकाऱ्याची फेरतपासणी, किंवा वॉशिंग्टनच्या अपील बोर्डापुढे दाद. वर्षाच्या आत पाऊल उचललं तर मूळ तारीख टिकते आणि थकबाकी बुडत नाही. बोर्डही नाही म्हणालं तर १२० दिवसांत माजी सैनिकांच्या खास अपील न्यायालयात जाता येतं. हे न्यायालय १९८८ च्या कायद्याने आलं. तोवर व्हीएच्या अशा निर्णयांवर न्यायालयात दादच नव्हती, आणि यादवी युद्धाच्या काळातली वकिलाच्या फीची १० डॉलरची मर्यादाही तोवर कायम होती. दहा डॉलरांत कोण वकील उभा राहणार? आजही अमेरिकन लीजनसारख्या संघटना अर्जासाठी फुकट मदत करतात, तरी मान्यता नसलेल्या कंपन्या भरमसाट पैसे उकळतात, आणि त्यांना आवर घालणारा कायदा दुबळा आहे.

साताऱ्या-कोल्हापुरातल्या निवृत्त जवानांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आपल्याकडे २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि जवान आरोग्याच्या कारणाने बाहेर पडला असेल, तर तो आजार सेवेतला मानावा. उलट सिद्ध करायचं तर ते सरकारने करावं. पुराव्याचा भार कोणी वाहायचा, या बाबतीत तो निकाल इथल्या नियमांपेक्षा पुढे गेला.

ब्रॅगमधून आता बाहेर पडणाऱ्यांना सेवा संपण्याच्या १८० ते ९० दिवस आधीच अर्ज करता येतो. तपासणी वर्दीत असतानाच होते, दुखऱ्या सांध्याची नोंद त्याच वेळी कागदावर येते. आधीच्या पिढ्यांतले अनेक जण मात्र अजूनही जुन्या सोबत्यांना फोन करून, त्या उडीत मी पडलो होतो हे तुला आठवतं का, असं विचारत लेखी जबाब जमवत आहेत.